आठ दिवसांचा कागद

आठव्या दिवशी सकाळी माझ्या बहिणीचं बाळ गेलं.

आम्ही गोंड, मूळचे गडचिरोलीकडचे. वडील इकडच्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले तेव्हापासून मरोद्याला राहतो. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत. मोहाच्या झाडाखाली पुरतात, झाडाचं दूध त्याला मिळतं म्हणून. शेजारच्या रुआबांधा वस्तीच्या कडेला असं एक झाड आहे. तिथून माणसं परत आली तेव्हा बहीण मला म्हणाली, "ताई, त्याचा कागद आणजो. तो आठ दिवस होता, हे कुठंतरी लिहून पायजे."

नोंदणीच्या ऑफिसातून कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, मृत जन्म.

बाळ घरीच झालं होतं, दवाखान्याची गाडी यायच्या आधी. ते गेल्यावर वर खबर दिली ती मितानिननं. मितानिन म्हणजे सरकारनं नेमलेली, आमच्याच गल्लीतली बाई; ओल्या बाळंतिणीकडे फेऱ्या घालणं तिचं काम. तिसऱ्या दिवशी ती आली होती, सातव्या दिवशी आली नाही. कागद आल्यापासून ती आमचं दार टाळून पलीकडून जायची. जिवंत जन्मलेलं लेकरू गेलं की चौकशी होते, हे मला ठाऊक होतं. चौकशी टाळायला तिनंच खोटं सांगितलं, हा माझा संशय पक्का झाला.

एका दुपारी मी तिला नळावर गाठलं. "खोटं कावून लिहून दिलं?"

तिनं हंडा खाली ठेवला. "लय शिकली ना तू? मी तिसऱ्या दिवशी काय म्हटलं होतं? पोरगं पिवळं दिसून राहिलं, दवाखान्यात न्या. अन् तू काय म्हटलं? पुस्तकात लिहिलं हाय, कोवळ्या उन्हात ठेवलं की उतरते."

मी नळ बंद केला.

"खरं लिहायचं तर सगळंच लिहा लागन, बाई. मी सातव्या दिवशी आली नाही, तेही. तुह्या बहिणीले दाखवशील?"

हंडा उचलून ती गेली. ती मला वाचवत होती की स्वतःला, हे मला अजून ठरवता येत नाही. तिच्याबद्दल होता तो संशय आता माझ्याबद्दलही आहे. बहिणीनं मला त्या उन्हाबद्दल कधी विचारलं नाही. तिला काही आठवत नसेल, यावरही माझा विश्वास नाही.

दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला. बहीण विचारते तेव्हा सांगते, ऑफिसात दिला आहे.

अर्ज माझ्या कपाटात आहे.