साजूक तुपातली माशी

समस्त जनांस, आणि विशेषतः कंपनीच्या क्वार्टरसाठी अर्ज करून ताटकळत बसलेल्या सज्जनांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की पालघर तालुक्यात एके काळी ट्राउट मासा पकडण्यात आला होता. त्या वेळी आमच्या कारखान्याचा अख्खा स्टाफ सहकुटुंब हजर होता आणि मासा ट्राउटच आहे याबद्दल एकाही कर्मचाऱ्याने शंका काढली नाही. ट्राउट बर्फगार पाण्यात राहतो, आणि सूर्या नदीचं पाणी मार्चमध्ये अंघोळीला घ्यायचं तर विसण घालावं लागेल इतकं गरम असतं, ही बाब गौण आहे. आमच्याकडे मासा कुठला हे पाण्यावरून ठरत नसे. गळ कोणाच्या हातात आहे त्यावरून ठरत असे.

गळ साहेबांच्या हातात होता.

साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कापडाचे रंग बनवण्याचा कारखाना होता आणि मी त्यात प्रयोगशाळा सांभाळत असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवीन यंत्रं यायची होती म्हणून कंपनीने साहेबांना विलायतेला शिकायला पाठवलं. यंत्रं ते किती शिकले हे पुढे बॉयलरने सांगितलंच, पण तिथल्या कुणा यजमानाने त्यांना एका रविवारी नदीवर नेलं आणि आमचं वाटोळं केलं. परत आले ते एक लांबलचक काठी, असंख्य खिशांचं जाकीट आणि कप्प्याकप्प्यांची एक पत्र्याची डबी घेऊन. ते जाकीट त्यांनी बोईसरच्या मे महिन्यात घातलं. घामाने ते स्वतःच ट्राउटसारखे दिसत, असं मी म्हटल्याचं कोणी तरी त्यांच्या कानावर घातलं, पण त्यांनी ती स्तुती समजून घेतली.

डबीत माश्या होत्या. खोट्या. एवढासा गळ, त्याला दोरा गुंडाळून केलेलं पोट, वर कोंबड्याच्या मानेचं पीस गोल फिरवून काढलेले पाय, मागे दोन केसांची शेपटी. ही माशी पाण्यावर अलगद टाकायची. माशाला वाटतं, खराच किडा पडला. तो झेपावतो आणि फसतो. साहेब हे मोठ्या कौतुकाने सांगत होते तेव्हा मला त्यात नवीन काय ते समजेना, कारण आमच्या पर्सोनेल खात्याची सगळी परिपत्रकं याच तत्त्वावर निघत.

दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की मीटिंगच्या खोलीत माश्यांचा वर्ग भरू लागला. येण्याची सक्ती नव्हती. फक्त कोण आलं नाही याची साहेबांना आठवण राहत असे. वर्गात त्यांनी आम्हाला माशी निवडण्याचं शास्त्र शिकवलं. नदीवर जायचं, काठाचा दगड उलटायचा, त्याखाली कुठला किडा आहे तो पाहायचा. मासा त्या दिवशी जे खातो आहे, त्याचीच नक्कल त्याच्यापुढे टाकायची. हे ऐकून आमचा स्टाफ मान डोलावत होता. साहेब त्या दिवशी जे ऐकू इच्छितात तेच त्यांच्यापुढे टाकायचं, यात प्रत्येकाची हयात गेली होती.

एवढं सगळं का चाललं होतं? तर कंपनीच्या कॉलनीत एक क्वार्टर रिकामं झालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघरात स्वतःचा नळ, मागे तुळशीपुरती जागा. ते कुणाला द्यायचं हे साहेबांच्या मनावर होतं. मी पालघरचा, स्वतःच्या घरात राहणारा, त्यामुळे मला क्वार्टरचा लोभ नव्हता. अशा माणसाला हसायला जी मोकळीक मिळते ती मी पुरेपूर वापरली.

बघता बघता बोईसर परिसरातल्या कोंबड्यांच्या माना उघड्या पडल्या. पर्सोनेल असिस्टंटने बायकोच्या बनारसी शालूची जर उसवून सोनेरी पोटाची माशी केली. ती दिसत होती नवरीसारखी, पण साहेबांच्या परीक्षेत बुडाली. परीक्षा अशी की आगीसाठी ठेवलेली लाल बादली पाण्याने भरून टेबलावर आणली जाई आणि एकेक माशी तीत सोडली जाई. तरंगली तर पास. आमच्या बहुतेक माश्या नटबोल्टसारख्या तळाला जात. मी बांधलेली माशी मात्र बुडताना दोन तुकडे होऊन बुडाली. साहेब म्हणाले, प्रयत्न लक्षणीय आहे.

या क्वार्टरची खरी गरज होती ती आमच्या स्टोअरकीपरला. हा घाटावरचा, वाईकडचा, शुद्ध शाकाहारी माणूस. बायको, आई आणि तो असे चिंचणीला एका मच्छीमाराच्या घरात भाड्याने राहत. एक खोली, खिडकीसमोर अंगण, आणि अंगणात वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या आडव्या बांबूंवर, टांगलेले बोंबील. वारा कुठूनही येवो, बोंबलांवरून येई. आईला या वासाने अन्न जात नाही, हे तो गेली दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होता. आल्या आल्या ती म्हणे पदर नाकाला लावूनच जेवायची. एकदा तर वाईला परत जाते म्हणून गाठोडं बांधून स्टँडवर जाऊन बसली होती. क्वार्टर मिळालं नाही तर आई हातची जाईल, असं तो बोलायचा आणि त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. त्याची चेष्टा करणं मलासुद्धा जड जाई. करायचो, पण जड जाई.

अडचण अशी की हा माणूस कोंबड्याच्या पिसाला हात लावायला तयार नव्हता. शिवाय त्याची बोटं वेलची केळ्यांसारखी, त्यांना गळ सापडायचाच नाही. दोन शनिवार तो नुसता बादली भरून आणण्याचं काम करत होता. तिसऱ्या शनिवारी त्याने खिशातून काड्याची पेटी काढली आणि तीतली माशी पाण्यात सोडली. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. माशी तरंगत होती. साहेबांनी पाणी ढवळलं, तरी तरंगत होती. त्यांनी पेन्सिलीने ती खाली दाबली, तर ती पुन्हा ऐटीत वर आली. पांढऱ्या कापसाचं रेखीव पोट, त्यावर कुंकवाचे ठिपके, पाय मोरपिसाच्या तंतूंचे. साहेबांनी ती भिंगाखाली धरली आणि विचारलं, असं पोट कुठे शिकलात? स्टोअरकीपर म्हणाला, घरीच. खोटं नव्हतं ते.

ती माशी त्याच्या आईने बांधली होती. जिने आयुष्यभर देवाच्या वाती वळल्या आणि सणासुदीला कापसाची वस्त्रं केली, तिला गळावर कापूस वळणं म्हणजे काय? मोरपीस देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं. आणि तरंगण्याचं रहस्य असं की फुलवात झाली की ती साजूक तुपात भिजवायची, हे तिच्या हाताला इतकं सवयीचं होतं की तिने माशीसुद्धा भिजवून ठेवली.

साहेबांनी डबीतल्या विलायती माश्या काढून ठेवल्या आणि रविवारच्या सहलीसाठी या माश्यांची मागणी नोंदवली. शुक्रवारी मला तारापूर गावात काम होतं, म्हणून त्याच सकाळी आलेल्या गळांची पुडी चिंचणीला आईकडे गुपचूप पोचवण्याचं काम स्टोअरकीपरने माझ्यावर टाकलं. मी भर दुपारी गेलो. स्टोअरकीपर कारखान्यात, बायको वाण्याकडे. ओटीवर आई आणि घरमालकीण शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक बोंबील साफ करत होती, दुसरी माश्या वळत होती, आणि दोघींच्या गप्पा इतक्या रंगल्या होत्या की मी अंगणात येऊन उभा राहिलो तरी कुणाचं लक्ष नव्हतं. पाहिल्यावर आईने घाईघाईने हाताशी असलेल्या ताटलीवर सूप पालथं घातलं. दोन वर्षांत ती चांगली गरगरीत झाली होती. वासाने अन्न न जाणाऱ्या बाईची अशी तब्येत मी तरी पाहिलेली नव्हती.

मी विचारलं, काय झाकलंत? ती म्हणाली, प्रसाद. घरमालकीण तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "हाय हाय, आमच्या देवाचा परसाद हाय."

मी पालघरचा माणूस आहे. सुपाखाली काय आहे हे मला सूप न उचलता कळतं. पण मी गळांची पुडी दिली, पाणी प्यायलो आणि माश्यांचं कौतुक केलं. निघताना आई अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आली आणि आवाज उतरवून विचारू लागली, त्या कॉलनीत दारावर विकायला कोण कोण येतं? मी सांगितलं, भाजीवाला येतो, पाववाला येतो, कल्हईवाला येतो. "आणि?" तिने विचारलं. मी म्हटलं, आणि कोणी नाही, मासळीवालीला तर गेटवरचा वॉचमन आतच सोडत नाही, तुम्हाला फार बरं पडेल. वलांडीकडे तिने असं पाहिलं, जसं लेकी माहेर सोडताना तुळशीकडे पाहतात.

रविवारी कंपनीच्या बसमधून आम्ही मासवणच्या पुढे सूर्येच्या काठी उतरलो. बायका जांभळीखाली सतरंज्या टाकून बसल्या. पुरुष दगड उलटू लागले. वर्गात शिकवलेलं साहेबांसमोर करून दाखवायचं होतं, त्यामुळे त्या काठावर एकही दगड आपल्या जागी राहिला नाही. दगडांखाली सापडलं ते एक खेकडं आणि पर्सोनेल असिस्टंटला चावलेलं काहीतरी.

मग साहेबांनी आईच्या माश्यांची डबी उघडली आणि ती डोळ्यांजवळ नेली. साजूक तुपाचा सुगावा लागायला मुंग्यांना रात्र पुरली होती. डबीत माश्या कमी आणि मुंग्या जास्त. प्रत्येक माशीवर काळ्या मुंग्यांचा थर चढला होता. स्टोअरकीपर पांढरा पडला. त्याने डबी झटकायला हात पुढे केला, पण साहेबांनी ती छातीशी धरली. त्यांच्या मते ही नक्कल नव्हतीच, ही प्रगती होती. खऱ्या किड्याची खोटी प्रत करणारे विलायतेत पुष्कळ आहेत, पण खोट्या किड्यावर खरे किडे बसवणारा हा पहिलाच, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्टोअरकीपरनेही वाजवल्या.

साहेबांनी दोरी हवेत मागेपुढे खेळवायला सुरुवात केली. पहिल्या फेकीत पर्सोनेल असिस्टंटची टोपी आली. दुसऱ्यात करवंदीची फांदी. तिसऱ्यांदा माशी पाण्यावर पडली, मुंग्या जिवाच्या आकांताने पोहू लागल्या, आणि पाण्यात खळबळ झाली. काठी वाकली. साहेबांनी ओढून काढला तो वीतभर लांबीचा, चंदेरी, पोटाशी गुबगुबीत असा नदीतला साधा मासा. आसपासच्या पाड्यांवरची पोरं असले मासे पंच्याने पकडतात.

"ट्राउट?" साहेबांनी आमच्याकडे वळून विचारलं.

ट्राउट सर, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. शास्त्राचा पदवीधर म्हणून जरा मोठ्याने म्हणालो.

आता पुढचं सांगण्याआधी क्वार्टर कुणाला मिळालं ते इथेच सांगून टाकतो, कारण या गोष्टीतलं शेवटचं वाक्य माझं नाही आणि ते झाल्यावर मला बोलण्यासारखं काही उरत नाही. क्वार्टर मिळालं पर्सोनेल असिस्टंटला. स्टोअरकीपर निवृत्त होईपर्यंत चिंचणीलाच राहिला. त्याच खोलीत, त्याच वलांडीसमोर. काही महिने तो आईशी धड बोलत नव्हता. मग बोलू लागला, आणि पुढे पुढे त्याच्या डब्याचं झाकण तो आमच्यासमोर पूर्ण उघडेनासा झाला, यावरून ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं.

तर साहेब प्रसन्न होते. एका हातात मासा आणि दुसरा हात स्टोअरकीपरच्या खांद्यावर, असे ते चालत चालत जांभळीखाली आले. तिथे आई पाय पसरून वाती वळत बसली होती. साहेबांनी तिच्यासमोर छोटं भाषण केलं. म्हणाले, तुमच्या चिरंजीवांची कला आज मी पाहिली. तुम्ही दोन वर्षं मासळीच्या वासात काढलीत, एक शब्द तक्रारीचा नाही. उद्यापासून क्वार्टर तुमचं. स्टोअरकीपरला रडू फुटलं. बायकांपैकी कुणी तरी आईच्या पाठीवरून हात फिरवला. आई काहीच ऐकत नव्हती. तिची नजर साहेबांच्या हातावर होती, मासा शेपटी हलवेल तशी हलत होती.

मग साहेबांना आणखी एक उदात्त विचार सुचला. शाकाहारी माउलीसमोर हिंसा नको, असं म्हणून ते वळले, उताराने पाण्यापर्यंत गेले, वाकले, मासा ओंजळीत धरून त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि ओंजळ उघडली. टाळ्यांसाठी आमचे हात वर झाले होते. तेवढ्यात वातींची परडी लवंडली, आई गुडघ्यांची पर्वा न करता ताडकन उठली आणि अख्ख्या स्टाफसमोर, अस्सल चिंचणीच्या बोलीत ओरडली:

"अहो, सोडला कशाला? चिंच-लसूण टाकून दुपारचं कालवण झालं असतं, आता काय नुसता भात खायचा हाय?"