संतोषदादा पूलमध्ये उतरला तेव्हा

लग्नानंतर शारजाला यायला निघाले, तेव्हा कुडाळच्या घरासमोर गाडी उभी होती आणि आई रडता रडता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "संतोष आसा थंयसर. माका तुजी काळजी नाय."

संतोषदादा माझा मामेभाऊ. इथे इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. कंपनीच्या खोलीत आणखी काही जणांबरोबर राहतो. माझा नवरा नितीन पुण्याचा, दुबईत ऑफिसात. मी आले त्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून विमानतळावर मला घ्यायला दादाच आला होता. पुढे माझी ईरा झाली आणि आईचा व्हिसा लांबला, तेव्हा इथल्या रोल्ला बाजारातली दुकानं पालथी घालून डिंक, अळीव, सुकं खोबरं त्यानेच आणलं. तुम्ही सगळे तिकडे गावी निर्धास्त होतात ते याच माणसामुळे.

गावाहून सगळे विचारता, दुबईची ट्रिप कशी झाली, फोटो का नाही पाठवलेस? म्हणून लिहितेय.

इथे याला स्टेकेशन म्हणतात. म्हणजे अर्ध्या तासावरच्या हॉटेलात दोन दिवस राहायचं, मुलांनी पूलमध्ये डुंबायचं, मोठ्यांनी बुफेवर तुटून पडायचं. नितीनच्या ऑफिसातला प्रसाद, त्याची बायको मुग्धा आणि त्यांची जुळी मुलं बरोबर होती. रविवारी दादाला सुट्टी होती, म्हणून मी त्यालाही बोलावलं. हॉटेलला आधी कळवून त्याचा पास घेतला होता. त्याने रोल्लातून पोहायची नवीन चड्डी आणली होती. शॉवरखाली नीट अंघोळ करून तो पाण्यात उतरला. माझ्या तीन वर्षांच्या अर्णवला खांद्यावर घेतलं, ईराला पाण्यावर तरंगायला शिकवू लागला. थोड्या वेळात मुग्धाची मुलंही त्याच्या पाठीवर चढायला भांडू लागली. मामा, माय टर्न! मामा, अगेन!

मुग्धा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने हळूच विचारलं, "हे तुझे दादा... लेबर कॅम्पमध्ये राहतात ना?"

"हो. का गं?"

"काही नाही. म्हणजे, आय ॲम नॉट जजिंग. पण खोलीत इतके लोक, स्किनचं काही असलं तर? मुलं लहान आहेत."

दादाच्या बोटांवर वेल्डिंगचे काळे डाग आहेत, ते घासून जात नाहीत. ती त्या डागांकडे बघत होती. मी काही बोलायच्या आत ती उठली, दोन्ही मुलांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि सगळ्यांसमोर त्यांचे हातपाय वेट वाइप्सने पुसायला लागली. मुलं रडत होती. ती पुसत होती. दादा छातीभर पाण्यात तसाच उभा होता.

मग ती काउंटरकडे गेली. थोड्याच वेळात सिक्युरिटीवाला आला. "सर, बाहर आइए. कम्प्लेंट आया है."

मी पास दाखवला. तो बिचारा दोनदा सॉरी म्हणून गेला. प्रसादने मोबाइलमधून मान वर केली नाही. आणि नितीन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जाऊ दे ना, सीन नको करूस. उद्या मला प्रसादबरोबर काम करायचंय."

त्या वाइप्सचा गोडसर वास, बुफेवरच्या अर्धवट टाकलेल्या प्लेट्स, नितीनचा तो समजूतदार आवाज, सगळ्याचीच शिसारी आली. दादा तोवर टॉवेल गुंडाळून निघाला होता. "असांदे गो. माका तसा जावचाच होता."

ईरा ओल्या अंगाने माझ्याजवळ आली. "आई, इज मामा डर्टी?"

तेव्हा मी उभी राहिले. मुग्धाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मामा स्वच्छ आहे. घाणेरडं इथे जे झालं ते आहे." मुग्धा म्हणाली, "ओव्हररिअ‍ॅक्ट करतेयस तू." मी मुलांना कपडे घातले, बॅग भरली, दादाला टॅक्सीत बसवलं आणि शारजाला परत आले. नितीन संध्याकाळी आला. म्हणाला, "चुकलं माझं." मी मान हलवली, पण ती शिसारी अजून पुरती गेलेली नाही.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुग्धाचा मेसेज आला, नो हार्ड फीलिंग्स. मी तो ग्रुप सोडला.

तुम्हाला सांगते, आणि इथे आलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांनाही सांगते. आपण परक्या मुलखात आपली माणसं शोधतो, गणपती बसवतो, मराठी बोलतो, आणि मग आपल्यातच कुणाला पाण्यात उतरू द्यायचं ते ठरवतो.

त्यानंतर दादा कितीतरी रविवार आला नाही. ओव्हरटाइम आहे म्हणायचा. परवा त्याचा फोन आला. "घराकडे येव काय गो? चालात मां?"

पूर्वी तो कधी विचारायचा नाही. सरळ बेल वाजवायचा आणि दारातूनच चहा मागायचा. तो आला, मुलांशी खेळला, पण सोफ्याच्या कडेवर बसून राहिला. तिकडे गावी माझं घर आहेच. इथलं मात्र, दादा न विचारता बेल वाजवेल त्या दिवशी पुन्हा घर होईल. तोवर तो फक्त भाड्याचा फ्लॅट आहे.