बुचाची कॅसेट

फुकट मिळालेल्या वस्तूत काही दम नसतो, असं माझं ठाम मत होतं. त्यामुळे भाऊने ती कॅसेट घरी आणली तेव्हा मी नाक मुरडलं. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ. धुळ्यात थंड पेयांच्या गाडीवर तो सेल्समन होता; सोनगीर, नरडाणा करत दुकानादुकानांतून क्रेट उतरवायचा. परदेशातल्या कुठल्याशा सरबत कंपनीने आपल्या बाटलीचं बूचच नायक करून टीव्ही गेम काढला होता. जळगावच्या एका दुकानदाराकडे त्याची कॅसेट विकली जाईना, म्हणून त्याने ती भाऊच्या हातात कोंबली.

"जाहिराती बघायच्या कमी पडल्या म्हणून आता खेळायच्यापण?" मी म्हटलं.

पण खोटं कशाला बोलू, खेळ फक्कड होता. पायात बूट घातलेलं एक बूच. बटण जेवढं दाबून धराल तेवढी त्याची उडी लांब. बाटलीतून बुडबुडे वर येत, त्यांच्यावर पाय ठेवून फळीवर चढायचं, सांडलेल्या सरबतावरून घसरायचं. पडलात तर चूक तुमचीच, खेळाला नावं ठेवायला जागा नाही. पैसे मोजून आणलेल्या आमच्या बाकीच्या कॅसेटी त्याच्यापुढे पाणी भरत. दोन दिवसांत मी भाऊशी खेळाच्या रिमोटवरून भांडायला लागले.

त्या खेळात एक गंमत होती. कोणी रिमोटला हात लावला नाही, की थोड्या वेळाने बूच आपलं आपणच चालू लागे. दुकानात गिऱ्हाइकाला खेळ दिसावा म्हणून केलेली ती सोय. ते चालत पहिल्या खड्ड्यापाशी येई, काठावर जागच्या जागी दोनदा उडे, मग झेप घेई आणि नेमकं खड्ड्यात पडे. दर वेळी तसंच. भाऊला ते इतकं आवडलं की तोही प्रत्येक खड्ड्यापाशी बुचाला तसंच नाचवायचा आणि मग सहज पलीकडे जायचा. आई पोळ्या लाटता लाटता त्याला हसायची, "आते कूद ना, नाचस काय?"

त्याच वर्षी भाऊला कावीळ झाली. आईने त्याला आपल्या माहेरी नेलं. तिथले एक आबा काविळीवर झाडपाल्याचं औषध देत, आणि त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळा गाव म्हणे. दवाखान्यात मागाहून जाऊ, असं ठरलं होतं. गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. आईला कोणी बोल लावला नाही. तो तिने स्वतःच लावून घेतला. "मीच लई गऊ त्याले," मीच नेलं त्याला, एवढंच ती म्हणायची, भांडी घासतानासुद्धा.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. भाऊच्या नावाची ही पहिली घागर. त्या दिवशी खेळायला सगळ्यांनाच मोकळीक असते. गल्लीतल्या ओट्यांवर पुरुष पत्ते कुटत होते, पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि आमच्या घरात ती घागर. मला ते सोसवेना. भाऊ या दिवशी पत्त्यांना शिवायचा नाही, टीव्ही गेम काढून बसायचा. म्हणून मी तो काढला, जोडला, बुचाची कॅसेट लावली, आणि तेवढ्यात परसातून काकूने हाक मारली म्हणून उठून गेले.

परत आले तर आई टीव्हीपुढे बसलेली. तिच्या हातात सांजोरीची ताटली.

"देख," ती हळूच म्हणाली, "तो खेळी राहिना." भाऊ खेळतोय, असं तिला वाटत होतं.

रिमोट फरशीवर पडला होता. पडद्यावर बूच काठाशी आलं होतं. ते जागच्या जागी दोनदा उडलं. हे काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझा पाय उंबऱ्यातच थांबला. बूच खड्ड्यात पडलं. आई पुढे सरकली. पुन्हा ते चालू लागलं, पुन्हा काठाशी आलं, आणि त्याला वाचवायला आईने रिमोट उचलून दिसेल ते बटण दाबलं.

बटण दाबलं की तो आपोआप चालणारा खेळ बंद पडतो. बूच नाहीसं झालं. पडद्यावर नुसती कंपनीची बाटली उरली.

"मी हात लाया नि तो निंघी गया," आई म्हणाली. मग रिमोटकडे बघत, "तवय बी मीच हात लाया." तेव्हा म्हणजे आबांकडे नेलं तेव्हा.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. माय, यात कोणी नाही गं, हे यंत्र आहे, भाऊच याचं बघून नाचवायचा. सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावरचा हा आजचा बोल उतरला असता. पण मग तिचा पोरगाही गेला असता, दुसऱ्यांदा, आणि या वेळी माझ्या हातून. मला तिची दया आली आणि रागही आला. मी तिच्या हातातून रिमोट घेतला, खाली ठेवला आणि शेजारी बसले. दोघी वाट बघत राहिलो. मग बाटली गेली आणि बूच चालू लागलं.

"देख माय, तो परत उना," मी म्हणाले.

ते काठाशी आलं. एकदा उडलं, दुसऱ्यांदा उडलं. आणि माझाच हात रिमोटकडे गेला. आईने तो मनगटाशी घट्ट धरला.

"पडू दे त्याले," ती म्हणाली. "पन राहू दे."

ते पडेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.