ढिगाऱ्यावरचे राजवाडेकाका

राजवाडेकाका आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी आधी घर बघितलं. पडदे, सोफा वगैरे नाही हो! गॅसचं मीटर कुठे आहे, मागच्या दाराची किल्ली कुठे असते आणि पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं धरलंय की नाही, हे बघितलं. कपाट धरलेलं नव्हतं. "समीर, हे बाळाच्या अंगावर पडलं म्हणजे?" आम्हाला तेव्हा बाळ नव्हतंच. पण काकांनी गाडीतून ड्रिल आणलं, आणि बायको आमटीला फोडणी देते न देते तोच आमच्या भाड्याच्या घराच्या भिंतीला दोन भोकं पडली. लँडलॉर्डला काय सांगायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ही गोष्ट इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकची, २००४ च्या सुमाराची. मी पुण्याहून वर्क परमिटवर नुकताच आलेला, आणि काका तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून रिटायर झालेले. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची सवय काही सुटेना, म्हणून ते एका स्वयंसेवी बचाव पथकात शिरले. पगार नाही, बूटसुद्धा स्वतःच्या खर्चाने. जगात कुठे भूकंप झाला की ही मंडळी काही तासांत विमानात. त्यासाठी काकांची लाल बॅग कायम दाराशी भरलेली असायची आणि काकू तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायच्या. "ह्यांचं लग्न त्या बॅगेशी झालंय, मी आपली शेजारीण," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी स्वतःचा जीव. तू पण मेलास तर मला दोघांना उचलावं लागेल." हे ते रस्ता क्रॉस करतानाही ऐकवायचे. ढिगाऱ्यावर एक लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं असतं, खालून कुणाचा आवाज येतो का ते ऐकायला. काकांनी ती शिट्टी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये वाजवली. प्रसादाला शिरा की मोदक, यावर दीड तास चाललेलं भांडण जागच्या जागी थांबलं. अध्यक्षांनी त्यांना पुढच्या वर्षी कमिटीवर घ्यायचं ठरवलं, ते काकूंनी होऊ दिलं नाही.

इतकं बोलणारा माणूस, पण भूकंपाच्या जागी जाऊन आल्यावर काही सांगायचा नाही. दोनदा जाऊन आले होते. मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "धूळ रे. फार धूळ होती." मग त्यांनी माझ्या स्मोक अलार्मची बॅटरी तपासली.

पासष्टी झाल्यावर मात्र नियम आडवा आला. त्या वयाला पोचल्यावर दर वर्षी परीक्षा, आणि पास झालात तरच परदेशी जाणाऱ्यांच्या यादीत नाव. "नापास झालो तर मी काय करायचं? बिस्किटं वाटायची?" काका हसत म्हणायचे, पण त्या महिन्यात ते रोज पहाटे पळायला जात होते. येताना उजवा गुडघा धरून यायचे. "थंडीने होतं," म्हणायचे. मे महिना होता!

परीक्षा एका मोठ्या सरावातच होती. तुर्कस्तान आणि नेपाळची पथकं आली होती. सगळ्यांच्या शिट्ट्या सारख्या, तपासलेल्या घरावर रंगाने करायच्या खुणा सारख्या, म्हणजे उद्या कुठल्या चौथ्याच देशात एकत्र उतरले तर गोंधळ नको. एका बंद पडलेल्या खाणीत तुटक्या काँक्रीटचे डोंगर रचले होते. गाडले गेलेले लोक हवे होते, ते काकांनी मंडळातून पुरवले. माझ्या जीन्सला लागलेलं ते खोटं रक्त आजतागायत निघालेलं नाही.

मला एका अरुंद पाइपच्या टोकाला झोपवलं. पाय चिरडलाय, वीस मिनिटांत काढलं नाही तर मेलास, असं माझ्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलं होतं. थोड्या वेळाने वरून काकांचा आवाज आला, "कोण आहे? कसा आहेस?" त्या पाइपमधून माझ्यापर्यंत यायचं म्हणजे गुडघ्यांवर रांगत यायचं. खाली खडी. मला त्यांचा तो उजवा गुडघाच दिसायला लागला. म्हटलं, "मी बरा आहे काका, अगदी मस्त! तुम्ही आधी पलीकडे बघा."

काका क्षणभर थांबले आणि गेले. वीस मिनिटांनी पथकप्रमुख कॅरन आली, तिने माझं कार्ड वाचलं आणि मला मेलेला म्हणून जाहीर केलं.

संध्याकाळी सगळे जमल्यावर तिने विचारलं, तो पाइप कुणी तपासला? काका उभे राहिले. "मी. तो बरा आहे म्हणाला, मी पुढे गेलो. आमच्या माणसाला कसा आहेस विचारूच नये. कुठला पाय हलत नाही, ते विचारावं." तुर्कस्तानचा मेहमेत जोरात हसला. त्याच्या आजीने मोडक्या हाताने बचाववाल्यांना चहा केला होता म्हणे. नेपाळची मुलगी म्हणाली, आमच्याकडेही हेच. तिन्ही देशांच्या वह्यांत ते वाक्य उतरलं. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

काकांचं नाव यादीतून गेलं. माझ्यामुळे गेलं, हे मला माहीत होतं, आणि सांगायची हिंमत नव्हती. काकांना फोन करायचंसुद्धा मी टाळायला लागलो. लाज वाटायची, दुसरं काय!

काही महिन्यांनी पथक निघालं. हीथ्रोवर सोडायला मिनीबस काकांनी चालवली आणि सोबतीला मला नेलं. प्रत्येकाची बॅग त्यांनी स्वतः उतरवली, प्रत्येकाला स्वतःच्या जिवाचं वाक्य ऐकवलं, आणि शेवटचा माणूस आत दिसेनासा होईपर्यंत हात वर करून उभे राहिले.

परत येताना मला राहवलं नाही. "काका, त्या दिवशी मी मुद्दाम खोटं बोललो. तुमचा गुडघा..."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"तीस वर्षं बंद दारामागचे आवाज ऐकलेत मी. बरा असलेला माणूस इतक्या घाईने बरा आहे म्हणत नाही. मला तेव्हाच कळलं होतं, समीर. पण गुडघा ठणकत होता आणि तू म्हणालास तेच मला ऐकायचं होतं. म्हणून गेलो पुढे."

मी म्हटलं, "कॅरनने परत परीक्षा घ्यायला हवी होती."

"ती घ्यायला तयार होती. नाव मी काढायला लावलं." त्यांनी आरशात बघून लेन बदलली. "तू संध्याकाळी उठून घरी जेवायला गेलास. खरोखर गाडलेला माणूस गेला नसता."