जवळ्यावर उमटलेली माझ्या टायरची नक्षी

मंडळी, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी ग्रॅव्हल बाइक घ्यायची, तर टायर कुठले टाकू, म्हणून मी आठवडाभर तुमचं डोकं खाल्लं. शेवटी तुम्ही सुचवलेले रुंद, खोल खाचांचे टायर बसवले आणि आज सकाळी पालघरहून दातिवऱ्याला निघालो.

डांबरावर सायकल मस्त पळाली. गावात शिरल्यावर टायरमधली हवा जरा कमी केली आणि मातीत उतरलो. पकड कशी बसते ते बघायला मान खाली घालून पुढच्या चाकाकडेच पाहत होतो.

"अरे, थांब! जवला हाय तो!"

मी एका मावशींच्या मासळी सुकवायच्या खळ्यात घुसलो होतो. सारवलेल्या जमिनीवर त्यांनी जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता. त्यावर माझ्या टायरची नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली होती.

लाज कशाची वाटते सांगू? उतरल्यावर मी आधी टायर दाबून पाहिला. जवळ्याकडे नंतर बघितलं.

मावशींनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन खाली बसल्या आणि चेंगरलेला जवळा हाताने वेगळा करू लागल्या.

"आमी हितं चपल घालून पन येत नाय, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

मी बूट घालून मधोमध उभा होतो.

आता घरी बसून टायरच्या खाचांतला जवळा काडीने काढतोय. सायकल कुठेही जाते, यात शंकाच नाही. पण आपण कुठे उतरायचं, हे तुम्ही कसं ठरवता?