हरणाच्या पोटाखालची पुळी

कॅझला पुरून नववा दिवस. बर्निस क्रुपिन्स्कीने त्याच्या ड्रॉवरमधलं भिंग काढलं, फडक्याने पुसलं आणि खिडकीपाशी उजेडात बसली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या भिंगाला तिने हात लावला नव्हता. नवऱ्याच्या तांब्याच्या खुळाचा तिला रागच होता. शनिवार उजाडला की स्वारी निघाली जुनी नाणी हुडकायला, आणि गळकं छप्पर बघायचं बर्निसने. पण आता तिने एक काम मनावर घेतलं होतं. तिने मनावर घेतलं की काय होतं, ते आमच्या कनेक्टिकटच्या नॉगटक खोऱ्यात कुणालाही विचारा.

कॅझकडे तांब्याचं एक टोकन होतं, म्हणजे खाजगीत पाडलेलं नाणं, अडीचशे वर्षांपूर्वी कनेक्टिकटच्याच खाणीतल्या तांब्याचं. एका अंगाला उभं हरीण, दुसऱ्या अंगाला तीन हातोडे. अशी टोकनं जगात मोजकीच उरलीत. सोबत पुठ्ठ्याची एक गोल चकती, तिच्यावर आधीच्या मालकांची नावं एकाखाली एक शाईने लिहिलेली. नाणेवाल्यांची रीतच आहे ती, नाणं ज्याच्याकडे जाईल त्याने खाली आपलं नाव घालायचं. तिसऱ्या नावापुढे टीप होती की १९११च्या लिलावाच्या कॅटलॉगात छापलेलं नाणं ते हेच. चौथं नाव कॅझचं.

चार वर्षांपूर्वी त्याने ते मोठ्या हौसेने चर्चच्या तळघरात, नाणेमंडळाच्या बैठकीत नेलं. तिथला कर्ताधर्ता म्हणजे आल्डेन हॉचकिस. वॉटरबरी गावातल्या एका रस्त्याला याच्या पणजोबांचं नाव आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. त्याने जुना कॅटलॉग उघडून टोकनाशेजारी धरला.

"फोटोत हरणाच्या पोटाखाली पुळी आहे. तुमच्या नाण्यावर नाही. चकती एका नाण्याची, नाणं दुसरंच. क्रुपिन्स्की, असलं इथे चालत नाही."

वीस माणसं डोनट खात बसली होती, एकानेही तोंड उघडलं नाही. कॅझ घरी आला, खोडरबराने घासघासून चकतीवरचं आपलं नाव खोडून टाकलं आणि पुन्हा मंडळाची पायरी चढला नाही. पितळेच्या कारखान्यात अडतीस वर्षं राबलेला माणूस, कधी एक स्क्रू खिशात घालून आणला नव्हता त्याने. त्याच्या अंत्यविधीला मंडळातलं काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. ते बर्निसला फार लागलं.

"गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो गं?" तिची धाकटी बहीण टिली म्हणाली.

"मला पडतो. लबाडाची बायको म्हणून मरायचं नाही मला."

"लबाड कुणी म्हटलं?"

"वीस जण गप्प बसले ना, तेच म्हणणं."

"अगं, पण तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"बटणातलं कळतं. एकतीस वर्षं कारखान्यात बटणं तपासली मी. माझ्या नजरेतून खोट सुटत नाही."

दर मंगळवारी ती बसने हार्टफर्डला जाऊ लागली. तिथल्या वाचनालयात तो कॅटलॉग होता. हातमोजे घालायचे, भिंग लावायचं आणि हरणाच्या पोटाखालची पुळी बघत बसायचं. पाचव्या मंगळवारी तिने हरीण सोडलं आणि शेजारची नाणी बघितली. तर काय, त्या पानावर आणखी सहा नाण्यांवर तसल्याच पुळ्या, आणि एक तर नाण्याच्या बाहेर, कोऱ्या कडेला. बर्निस स्वतःशीच हसली. तिच्या कारखान्यात नव्या बटणांचे प्लास्टरचे नमुने काढत, त्यात हे रोजचंच होतं. साच्यात हवेचा बुडबुडा अडकला की वर अशी पुळी उठते. म्हणजे फोटो नाण्यांचे नव्हतेच, नाण्यांच्या प्लास्टरच्या ठशांचे होते.

पण एवढ्यावर हॉचकिस ऐकणार नाही हे ती ओळखून होती. तिला ठसाच हवा होता. लिलाव करणारं दुकान केव्हाच बंद पडलेलं. तिने ते चालवणाऱ्या घराण्याच्या आडनावाच्या झाडून सगळ्या माणसांना पत्रं धाडली. टिली म्हणाली, "इतक्या टपालावर पोस्टमनच आता तुला नाताळची भेट देईल." सात महिन्यांनी ट्रेंटनहून एका बाईचं उत्तर आलं. आजोबांच्या ठशांची खोकी गॅरेजमध्ये पडली आहेत, न्यायचे तर न्या, नाहीतर कचऱ्यात जातील.

त्या खोक्यांतून हरणाचा ठसा शोधून काढून, एप्रिलच्या बैठकीला बर्निस तळघराच्या पायऱ्या उतरली. कोट न काढताच ती थेट हॉचकिसच्या टेबलाशी गेली आणि ठसा नि टोकन शेजारी शेजारी ठेवलं.

"पुळी प्लास्टरची आहे. आता हरणाच्या मानेवरची चीर बघा. मग कडेची खोक. फोटोत दिसत नाहीत, पण ठशावर आहेत. आणि नाण्यावरही."

हॉचकिसने भिंग लावलं. आधी ठसा पाहिला, मग नाणं, मग पुन्हा ठसा.

"तेच नाणं आहे," तो शेवटी म्हणाला. ऐंशीच्या घरातला माणूस, आवाज पार खाली गेला होता. "मिसेस क्रुपिन्स्की, त्या काळचे फोटो ठशांवरून काढत, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. बुडबुड्यांचंही."

"मग?"

"असलं नाणं एका कारखान्यातल्या पोलिश माणसाकडे असेल, हे मला पटत नव्हतं. म्हणून त्या दिवशी ते आठवलं नाही."

बर्निसचे डोळे भरून आले. तिचा इतका संताप झाला होता की तो ठसा उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. तिने पर्समधून चकती काढली, पेन काढलं, दोन्ही त्याच्यापुढे सरकवली.

"लिहा. त्याचं पूर्ण नाव. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवा."

"खोडलंय तिथे पुठ्ठा पातळ झालाय. खाली लिहू का?"

"तिथेच लिहा. खालची जागा माझी आहे."

हॉचकिस उभा राहिला, वाकून लिहिलं आणि वाचलं, "कॅझिमिर क्रुपिन्स्की, वॉटरबरी." वीस माणसांनी ऐकलं. खोडलेल्या जागी शाई थोडी पसरली, पण नाव नीट वाचता येतं.