परीक्षेतला दुसरा आवाज

कोर्स सहा होते. पाच झाले होते, एक राहिला होता. राहिलेला कोर्स बॅटरीच्या मोजणीचा आणि सुरक्षेचा. तो झाला असता तर मी शेगावच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिक रिक्षांच्या विभागात कायम राहणार होतो. नाही झाला तर मालकाच्या जळगाव जामोदच्या शाखेत जायचं होतं, कारण तिकडे अजून डिझेलच्या तीनचाकी जास्त येतात आणि त्यांच्या कामाला कागद लागत नाही. शेगावहून तिकडे जायला बसने दीड तास, यायला दीड तास, तेही बस वेळेवर मिळाली तर. मुलगी बारावीला होती. बायको कपड्याच्या एका दुकानाची शिलाई घरी आणून करायची, ते दुकान शेगावात. म्हणजे घर हलणार नव्हतं, मीच हलणार होतो.

कोर्सची फी आमच्यापैकी कोणी भरली नव्हती. गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या आणि गाड्या चालवणाऱ्या लोकांना नवीन काम शिकता यावं म्हणून एका निधीतून ते पैसे आले होते. सहा छोटे कोर्स, सगळे मोबाइलवर, प्रत्येकाचं वेगळं प्रमाणपत्र. अट एकच होती. एका कामगाराला एका कोर्सची जागा एकदाच. मालकाच्या पदरचं काही जात नव्हतं, म्हणून त्याने आम्हा नऊही जणांची नावं देऊन टाकली. त्यात सगळ्यात मोठा मी, सत्तेचाळीस वर्षांचा.

माझ्या शेजारच्या रॅम्पवर काम करणारा मेकॅनिक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. जेवणाच्या सुट्टीत मी कानात वायर घालून धडे ऐकायला लागलो की तो सुरू व्हायचा.

"काका, या वयात पाटी-दप्तर! काकू डब्यात काय देते, बिस्कीट?"

"तुह्यं झालं का सगळं?"

"मायं कवाच झालं. साही."

"एवढ्या लवकर?"

"माया साळा, बायकोचा भाऊ, बसला होता ना समोर, फोनच्या मांगं. म्या तोंडातून आवाजच नाही काढला. तो बोटं दाखवे, एक, दोन, तीन, चार. आपन दाबत गेलो."

हे त्याने लपवून सांगितलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. त्याची सहाही प्रमाणपत्रं मॅनेजरने प्लास्टिकमध्ये घालून ऑफिसात लावली होती.

माझे पाच कोर्स मी स्वतः केले. प्रत्येक धडा दोनदा ऐकला. धडे चांगले होते, हे सांगितलं पाहिजे. मी तीस वर्षं इंजिनं उघडत आलोय, पण बॅटरीतला एखादाच सेल खराब असला तर तो सगळ्या पॅकला कसा खाली ओढतो, हे मला त्या धड्यांतून नीट कळलं. आकड्यांचं काम होतं आणि आकडे मला पहिल्यापासून आवडतात.

आता आकड्यांबद्दलची आमच्या घरातली एक पद्धत सांगावी लागेल, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं. मी खामगावला ज्या उस्तादाकडे काम शिकलो त्यांचा नियम होता की एकाने मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा, आणि मग पाना लावायचा. मापं चुकतात ती डोळ्याने नाही, मनात धरताना चुकतात, असं ते म्हणायचे. पुढे मी डोणगावला स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा जोडीला माणूस नव्हता. पहिल्याच वर्षी एका गाडीच्या व्हॉल्व्हची फट मी मनातच चुकीची धरली आणि गिऱ्हाइकाचं इंजिन गेलं. मी ते स्वतःच्या खर्चाने करून दिलं. त्या दिवसापासून परत म्हणण्याचं काम बायकोकडे आलं. गॅरेज पुढे, घर मागे. ती चुलीजवळ असो की मशीनवर, मी आकडा टाकायचो आणि आतून तो आकडा परत यायचा. तिला व्हॉल्व्ह कशाला म्हणतात ते सुरुवातीला माहीत नव्हतं. आकडा मात्र तिने कधी चुकवला नाही. अकरा वर्षं गॅरेज चाललं. मग गिऱ्हाइकं शोरूमकडे वळली, शेगावच्या मालकाने बोलावलं आणि आम्ही इकडे आलो. गॅरेज सुटलं, पद्धत राहिली. वीज मीटरचं रीडिंग असो, बसचं तिकीट असो, मुलीचे मार्क असोत, मी म्हणायचो आणि ती परत म्हणायची. आम्हाला ते ऐकूही येईनासं झालं होतं.

सहाव्या कोर्सची परीक्षा रविवारी सकाळी दहाला होती. कॅमेरा चालू, माइक चालू. नियमांत लिहिलं होतं की परीक्षार्थी खोलीत एकटा असावा आणि दुसरा कोणताही आवाज येऊ नये. तो नियम मी तीनदा वाचला. आमच्या घराला दोन खोल्या. भाडेकरारातही दोनच लिहिल्या आहेत. मधे दार नाही, पडदा आहे. मी बायकोला म्हटलं, "विहारात जाऊन बसतं का वंदनेले? पोरगीबी ट्यूशनले गेली."

"दुकानाचे ब्लाउज संध्याकाळी द्या लागते. काजं राह्यले. म्या नाही आवाज करत."

"मशीन चालवू नको."

"काजं हातानंच करतात. तुमाले एवढंबी माहीत नाही?"

तिने खरंच सगळी काळजी घेतली. कुकर लावला नाही. नळाखाली कपडा टाकला, थेंब वाजू नये म्हणून. बांगड्या वर कोपराकडे सरकवून रुमालाने बांधल्या. पंखा कुरकुरतो म्हणून तोही बंद केला. मी पडदा ओढला आणि फोन डब्याला टेकवून बसलो.

तीस प्रश्न होते, पास व्हायला एकवीस बरोबर लागत. पंचविसाव्या प्रश्नापर्यंत मी व्यवस्थित आलो. सव्विसावा वेगळा होता. त्यात लहानसा व्हिडिओ. एक हात मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीला लावतो, मीटरवर आकडा येतो, तो आपण लिहायचा आणि मग चार्जिंग चालू ठेवायचं की थांबवायचं ते निवडायचं. प्रश्न अगदी रोजच्या कामासारखा होता, समोर खरी बॅटरी असावी असा. मीटर दिसला, आकडा दिसला आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अठ्ठेचाळीस पॉइंट दोन."

पडद्याआडून आवाज आला, "अठ्ठेचाळीस पॉइंट दोन."

मी खाली पाहिलं. माझ्या बोटांनी बेचाळीस पॉइंट आठ लिहिलं होतं. मी ते पुसलं आणि अठ्ठेचाळीस पॉइंट दोन लिहिलं. पुढचा पर्याय निवडायच्या आत फोनची स्क्रीन लाल झाली, वर अक्षरं आली. दुसरा आवाज आढळला आहे, परीक्षा थांबवण्यात आली आहे.

थोड्या वेळाने तिने पडदा बाजूला केला. हातात सुई होती.

"झाली? तास नाही झाला अजून."

"बंद पडली."

"काऊन?"

"तू बोलली."

"म्या? म्या कुठं बोलली?" असं ती म्हणाली आणि मग तिचं तिलाच आठवलं. ती खाली बसली. बांगड्यांना बांधलेला रुमाल तिने सोडला नाही, बराच वेळ.

मी तिला रागावलो नाही. राग यायला हवा होता की नको, याचा मी नंतर विचार केला. त्या वेळी काही आलं नाही. मी उठून पंखा लावला.

सोमवारी मॅनेजरने फोनवर अपिलाचा अर्ज काढून दिला. मॅनेजर अकोल्याचा, चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. तीनच प्रश्न हायेत. सगळ्यांचे असे प्रॉब्लेम येतात. कोनाचं कुत्रं भुकते, कोनाचा टीव्ही. भरून टाका, आठवडाभरात दुसरी तारीख भेटते."

अर्ज मी घरी नेला. पहिला प्रश्न, परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरी व्यक्ती होती का. मी भाडेकरार आठवला. दोन खोल्या. नाही, असं लिहिलं. दुसरा प्रश्न, तो आवाज तुमच्या ओळखीच्या व्यक्तीचा होता का. हो. तिसरा प्रश्न, त्या आवाजामुळे तुमचं कोणतंही उत्तर बदललं का. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की याचं उत्तर हो असल्यास फेरपरीक्षा मिळणार नाही.

बायको भाकरी थापत होती. मी तिला तिसरा प्रश्न वाचून दाखवला.

"मंग नाही लिवा. म्या काय शिकवलं तुमाले? तुमी म्हनलं तेच म्हनलं."

"म्या लिवलं होतं बेचाळीस पॉइंट आठ. तुहा आवाज ऐकला अन् खोडलं."

तिचे हात थांबले. "म्हंजे म्या बोलली म्हनून तुमचं बरोबर आलं?"

"हाव."

"अन् म्या बोलली म्हनूनच बंद पडलं."

"हाव."

"हे कोनाले माहीत हाये?"

"मले."

"मंग झालं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पोरीचं बारावीचं साल हाये. तुमी तिकडं सकाळी सहाले निघान अन् रात्री याल. तुमच्या त्या पोरट्याचा साळा बोटं दाखवे, तो पास. अन् तुमी बसा तुमचं खरं घेऊन."

तिच्या बोलण्यात चुकीचं काही नव्हतं. मी हिशेब केला. पहिल्या पंचवीसपैकी माझी तेवीस तरी नक्की बरोबर होती. म्हणजे सव्विसावा चुकू दिला असता, पुढचे चारही चुकले असते, तरी पास व्हायला लागणारी एकवीस माझ्याकडे होती. बेचाळीस पॉइंट आठ तसंच राहू दिलं असतं तर परीक्षा थांबूनही तिसऱ्या प्रश्नाला मला खरंखुरं नाही लिहिता आलं असतं आणि माझं काही बिघडलं नसतं. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही. अजून सांगितलेली नाही.

पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न विचारला होता की उत्तर बदललं का. उस्तादांच्या नियमाप्रमाणे, दुसऱ्याने आकडा परत म्हणणं म्हणजे तपासणंच. तीस वर्षं मी ते तपासणं धरत आलो, आता त्याला तपासणं नाही म्हणायचं, हे मला जमेना. मी हो लिहिलं. पाठवलं. तिने ते पाहिलं. भाकरी ताटात वाढली, भाजी वाढली आणि स्वतः जेवली नाही.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. अपील नामंजूर. मॅनेजरने अर्जाची प्रत पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काका, तिथं कोन बसून वाचते? मशीन वाचते. तुमी मशीनले खरं सांगून राह्यले!"

"विचारलं होतं ना."

"विचारनारच. मालकाले आता काय सांगू मी?"

"हेच सांग."

शेजारच्या रॅम्पवरच्या पोराने त्या दिवशी मला चिडवलं नाही. संध्याकाळी त्याने माझ्यासाठी चहा आणला आणि म्हणाला, "पुढच्या टायमाले आमच्या साळ्याले पाठवतो, फुकटात." मी हसलो. पुढची वेळ नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. एका कामगाराला एकदाच.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला नीट आठवत नाहीत, इतके ते सारखे होते. काम झालं. पगार झाला. इलेक्ट्रिक विभागाभोवती पिवळी पट्टी मारली गेली, आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी पट्टीच्या बाहेर थांबायचं ठरलं. मी बाहेर थांबलो. मला वाईट वाटतंय का, असं मॅनेजरने दोनदा विचारलं. मी खरं तेच सांगितलं की मला काही वाटत नाहीये. दात काढायच्या आधी सुई देतात, तेव्हा गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा गाल वाटतो. तसं होतं ते.

घरात एक फरक पडला. मी वीज मीटरजवळ उभा राहून रीडिंग म्हटलं. आतून काही आलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं. ती आतच होती. मशीन बंद होती. मी आकडा कागदावर लिहिला, मग स्वतःच मीटरशी ताडून पाहिला, आणि आत आलो. ती म्हणाली, "चा ठेवू का?" मी हो म्हटलं. बदलीची तारीख तिला मी त्याच चहावर सांगितली. ती म्हणाली, "डबा पाच वाजता करून ठेवीन."

जळगाव जामोदला रुजू व्हायच्या दिवशी सकाळची बस वेळेवर मिळाली. खिडकीजवळ जागाही मिळाली. बस गावाबाहेर पडली तेव्हा फोन वाजला. कोर्सवाल्यांचा मेसेज होता. तुमचा अनुभव कळवा, निधी देणाऱ्यांना पुढचं नियोजन करायला मदत होईल. खाली चार प्रश्न, पहिल्या तिन्हींना पाचपैकी तारे द्यायचे.

धडे समजले का. मी पाच दिले. व्हिडिओ स्पष्ट होते का. चार दिले, कारण चौथ्या कोर्समध्ये मीटरच्या काचेवर उजेड पडतो आणि आकडा दिसत नाही. तेही खाली लिहून कळवलं. परीक्षेची पद्धत योग्य होती का. कंडक्टर येऊन तिकीट देऊन गेला. नियम आधीच लिहिलेला होता आणि मी तो तीनदा वाचला होता, हे विसरून चालणार नव्हतं. चार दिले.

शेवटचा प्रश्न होता, हा कोर्स तुम्ही तुमच्या सहकाऱ्याला सुचवाल का. हो, असं लिहिलं आणि पाठवलं. धन्यवाद असं आलं.

फोन खिशात ठेवला. जळगाव जामोद यायला अजून तास होता.